अण्णांचा गणपती आणि माझं रसायनशास्त्र

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या महिनाभर आधी आमच्या घरातला गणपती फुगला, आणि तो मी फुगवला होता.

हा गणपती म्हणजे मूर्ती नव्हे. तो होता रबरी शिक्का, आगपेटीएवढा. माझे वडील, अण्णा, यांनी फोर्टातल्या एका बोळात जन्मभर रबरी शिक्के बनवले. मॅनेजर, सेक्रेटरी, खजिनदार, 'खरी नक्कल', 'पोहोचले' असे हजारो शिक्के त्यांच्या हातून गेले. पण ते सगळे साच्यातले. हा एकच गणपती त्यांनी लाल रबराच्या तुकड्यावर बारीक पात्याने स्वतः कोरला होता, माझ्या आत्याच्या लग्नाच्या वेळी. तेव्हापासून आमच्या भावकीत लग्न निघालं की पत्रिकेच्या पाकिटावर लाल शाईत हाच गणपती उमटायचा. पत्रिका छापखान्यात छापली तरी गणपती घरचाच हवा. पहिलं पाकीट गावच्या कुलदैवताला जायचं, मग माणसांना.

नव्वदच्या दशकात आम्ही परळची खोली सोडून जुईनगरला नव्या इमारतीत आलो, तेव्हा अण्णांची शिक्क्यांची पेटीही आली. आणि खाडीच्या दमट हवेने त्या पेटीशी वैर धरलं. शाईच्या बाटल्यांवर बुरशीची साय धरायची, रबर चिकट व्हायचं, पॅड एकीकडे सुकायचं आणि दुसरीकडे गळायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा पेटी उघडून बसत. शिक्के कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचे, पुसायचे, त्यांना पावडर लावायची. शाईत ग्लिसरीनचे चार थेंब. पॅडं पालथी ठेवायची, म्हणजे शाई वरच्या कापडात उतरून राहते. माझी बहीण माया लहानपणापासून शेजारी बसून गणपतीला पावडर लावायची. (बाळाला आंघोळीनंतर लावतात ना, तश्शी!) "माझ्या पाकिटांवर हाच हं, अण्णा," असं ती पाचव्या वर्षापासून सांगत आलेली होती.

मला या सगळ्याची कीव यायची. कारण मी रबाळ्याला एका कारखान्यात केमिस्ट होतो. खरं सांगायचं तर माझं काम बॉयलरचं पाणी तपासून वहीत आकडा लिहिण्याचं. पण कंपनीच्या बसमधून जुईनगरला उतरलो की माझा शास्त्रज्ञ व्हायचा. 'वस्तू टिकवणं हे शास्त्र आहे' असं मी आईला भाजी निवडताना समजावून सांगत असे, आणि आई 'हो का' म्हणून पुढची जुडी माझ्याकडे सरकवत असे.

पहिला प्रयोग मी फ्रिजमध्ये केला. थंडीत पदार्थ टिकतो, शाई हाही पदार्थच, म्हणून शाई आणि पॅडं मी कोथिंबिरीच्या शेजारी मांडली. बाहेर काढल्यावर पॅडांना असा काही घाम फुटला की त्यावरून मारलेल्या शिक्क्यातली अक्षरं जिलबीसारखी पसरली. अण्णांनी पॅडं वर्तमानपत्रावर दोन दिवस वाळवली आणि पुन्हा पेटीत पालथी घातली. त्या दिवशी मी शहाणं व्हायला हवं होतं, पण आमच्या घरात मला कोणी ओरडायचं नाही, हीच माझ्या शिक्षणातली मोठी उणीव होती.

मग मायाचं लग्न ठरलं. रविवारी दुपारी पाकिटं छापखान्यातून यायची, त्यांच्यावर गणपती उमटवायचा, आणि सोमवारी सकाळी माझा चुलतभाऊ एसटीने गावी निघणार होता, त्याच्या हाती कुलदैवताचं पाकीट द्यायचं, असं ठरलं होतं. अण्णा आणि माया सकाळीच पाकिटं आणायला वाशीला गेले. मी पेटी उघडली. गणपतीच्या कानांच्या आणि दागिन्यांच्या रेघांत जुनी शाई बसून घट्ट झाली होती. लेकीच्या लग्नाला अण्णांना नव्यासारखा लख्ख गणपती द्यावा, असं माझ्या मनात आलं. इथवर माझं काही चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

चुकलं ते पुढे. कारखान्यातून मशीन पुसायला म्हणून आणलेलं थोडं थिनर माझ्याकडे होतं. ते मी आईच्या स्टीलच्या वाटीत ओतलं, गणपतीला त्यात ठेवलं आणि चहा घेऊन पेपर वाचत बसलो. अग्रलेख जरा लांबला. परत येऊन बघतो तर मुठीचं लाकूड सुटून वाटीत तरंगत होतं, आणि गणपती दीडपट झाला होता! कान बाहेर वळले होते, सोंड वाटीच्या कडेला टेकली होती, पोट तर विचारूच नका. रबर थिनर पितं, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असतं. मी तेव्हा बहुधा कँटीनमध्ये होतो.

मी त्याला फडक्याने दाबलं, पंख्याखाली धरलं, तांदळाच्या डब्यात पुरलं. (आईने तांदूळ निवडताना काय विचार केला असेल ते तिने मला कधी सांगितलं नाही.) वासाने समोरच्या नर्मदाकाकू आल्या. त्या मूळच्या इथल्याच गावातल्या, आमच्या इमारतीच्या आधीपासून इथे राहणाऱ्या. त्यांनी तांदळातून बाहेर आलेला गणपती शांतपणे न्याहाळला.

"यो जेवून बसलेला हाय," त्या म्हणाल्या, आणि विरजण घेऊन गेल्या.

मला तेव्हा हसू आलं नाही. दोन वर्षांपासून अण्णांचे हात थरथरत होते. शिक्का उमटवण्यापुरते ते चालत, पण कोरकामाला त्यांनी पातं हातात धरणं सोडलं होतं. म्हणजे हा गणपती गेला तर दुसरा होणार नव्हता. आणि वीस वर्षं पावडर लावणारी पोरगी दुपारी दारातून येणार होती.

आई एवढंच म्हणाली, "ते यायच्या आत काय ते कर."

मी केलं. अण्णांच्या पेटीत लाल रबराचे दोन कोरे तुकडे होते, पातंही होतं. एका चुलतबहिणीच्या लग्नाचं जुनं पाकीट समोर ठेवलं आणि त्यावर बघून अगदी तसाच गणपती कोरायला बसलो. दोन तास मान वर केली नाही. आणि काय सांगू, जमला! कान, मुकुट, हातातला मोदकसुद्धा. पॅडवर दाबला, कागदावर उमटवला, आणि आईला अभिमानाने दाखवला.

आईने कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"अरे, हा उजव्या सोंडेचा झाला."

शिक्का उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो सुलटा उमटतो. ही गोष्ट मला कळू नये! ज्या माणसाने आयुष्यभर उलटी अक्षरं वाचून आमचं घर चालवलं, मला शाळेत घातलं, त्याचा मुलगा मी. आणि उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, त्याला चूक चालत नाही. मायाचं सासर पुण्याकडचं, घरात रोजचं सोवळंओवळं. तो पाकिटावर बसून तीनशे घरी गेला असता, आणि तीनशे घरी माणसं बुचकळ्यात पडली असती.

अण्णा आणि माया दारात आले ते पाकिटांचा गठ्ठा घेऊन. अण्णांनी चपला काढायच्या आधी हवेत वास घेतला. मग वाटी बघितली, तांदूळ बघितले, आणि माझ्याकडे बघितलं. माया काही विचारायच्या आत तिला सगळं दिसलं होतं. ती गॅलरीत गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी सव्वीस वर्षांचा, कमावता, आणि मला कोपऱ्यात जाऊन बसावंसं वाटत होतं.

मी सगळं सांगितलं. अण्णांनी फुगलेला गणपती तळहातावर घेतला, अंगठ्याने त्याचं पोट हलकेच दाबून पाहिलं आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी माझा उचलला. चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला.

"खोली सारखी धरलीयस," ते म्हणाले. "कड कुठे फाटली नाही. कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुम्हाला बघून."

"बघितलंस ते अर्धंच बघितलंस," ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "बटर पेपर आण. मऊ पेन्सिल आण. आणि हात धू, वास येतोय."

त्यांनी मला जुन्या पाकिटावर बटर पेपर ठेवून गणपती पेन्सिलने गिरवायला लावला. मग तो कागद दुसऱ्या कोऱ्या रबरावर पालथा घालून चमच्याच्या पाठीने घासायला सांगितलं. कागद उचलला तर रबरावर पेन्सिलीचा उलटा गणपती उतरला होता. एवढी साधी युक्ती, आणि ती त्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती. अण्णांनी आगपेटीतली काडी घेतली आणि 'इथून', 'आता इथे थांब', 'पातं आडवं धर' असं दाखवत राहिले. काडी थरथरत होती. मी ती थांबेल तिथे कापत होतो. मध्येच माया गॅलरीतून आत आली, समोर बसली आणि रबर हलू नये म्हणून दोन बोटांनी धरून ठेवलं.

गणपतीच्या डोळ्यापाशी आलो तेव्हा अण्णांनी काडी ठेवली आणि पातं मागितलं. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि दोन्ही डोळे दोन टोचण्यांत काढले. मग पातं माझ्याकडे दिलं आणि घाम पुसला. इतके सुंदर क्षण मी उभ्या आयुष्यात फार बघितलेले नाहीत, आणि हा माझ्या मूर्खपणामुळे आला हे मला विसरता येत नाही.

दिवेलागणीला पहिला ठसा पडला. डावी सोंड. मुकुट जरा कलता, एक कान मोठा. मायाने पाकीट हातात घेतलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "कान दादावर गेलाय." तेव्हा कुठे घरात हसू आलं. तीनशे पाकिटं आम्ही चौघांनी मिळून उमटवली, आणि कुलदैवताचं पाकीट सकाळी गावाला गेलं.

लग्नात मुलाच्या काकांनी विचारलं, हा गणपती कोणी केला. अण्णा म्हणाले, "डोळे माझे. बाकी आमच्या केमिस्टचं." केमिस्ट शब्द त्यांनी असा उच्चारला की पंगतीतल्या चार जणांनी माझ्याकडे वळून बघितलं. जुना गणपती थिनर उडून गेल्यावर आठवड्याभरात पुन्हा लहान झाला, पण त्याला बारीक भेगा पडल्या. आईने त्याचं विसर्जन करायचं का असं विचारलं. अण्णा नको म्हणाले. त्यांनी त्याला पावडर लावून डबीत ठेवला आणि डबी पेटीत ठेवली. मग बाजारात जाऊन एक पितळी कुलूप आणलं आणि पेटीला लावलं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की पेटी तुझी, तुझा हात चांगला आहे. पेटी आज माझ्या कपाटावर आहे, आणि भावकीतल्या प्रत्येक लग्नाचा शिक्का मीच उमटवतो.

किल्ली त्यांनी मायाकडे दिली आहे.