स्वखुशीचे कोयते

आमच्या हेडमास्तरांना 'वेठ' हा शब्द अजिबात खपत नसे. "वेठ संस्थानची. शाळेत असते ती स्वयंसेवा," असं म्हणून ते डोळे मिटत, जणू समोर टाळ्या वाजताहेत.

जव्हारात शाळेची बाग करायची ठरली, तेव्हा त्यांनी जवळच्या पाड्यावर तासभर भाषण दिलं आणि दहा-बारा माणसं आणली. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. मग त्यांनी पुन्हा माणसं जमवली आणि या खेपेला काम संपल्यावर सगळ्यांचे कोयते गोड बोलून मागून घेतले. "रोज कशाला ओझं वाहता? वांगी धरेपर्यंत राहू देत इथेच." कोयते शाळेच्या कपाटात गेले. दिवस राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायचे होते. त्या आता दातांनी तोडायच्या का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सगळे रोज उजाडताच येऊन कपाटाकडे बघत आणि पाणी घालायला लागत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका म्हातारीला विचारलं, "बाई, तू रोज कशी येतेस?"

"कोयता कपाटात आहे, म्हणून येतूं."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. "बघा साहेब, सामानसुद्धा इथेच ठेवतात. शाळेला घरच समजतात!"

साहेब खूश झाले. त्यांच्या हाताखालचा मास्तर म्हणून मीही हसलो. म्हातारी मात्र माझ्याकडेच बघत होती, कारण कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला होती.