त्याच गाण्याला वन्स मोअर

बॉनमध्ये तीस वर्षं काढून जयंत टेंबे बरेचसे जर्मन झाले होते. रविवारी घरात ड्रिल चालवत नसत, मोकळ्या रस्त्यावरही लाल दिव्यापाशी थांबत. फक्त गाणं लागलं की त्यांच्यातला संगीत नाटकांचा जुना प्रेक्षक जागा होई.

त्यांच्या वरच्या खोलीत सिग्ने नावाची डॅनिश मुलगी भाड्यानं राहायची. गाणी लिहायची, गायची. हिवाळाभर तिचं एकच गाणं छतातून झिरपत राहिलं: मोजके शब्द, लांब थांबे आणि मागे धुक्यातल्या बोटीसारखा घुमणारा सूर.

"हिचं यंत्र बिघडलंय का गं?" डिसेंबरात जयंतरावांनी बायकोला, कुंदाताईंना, विचारलं होतं. मार्चमध्ये दाढी करताना ते स्वतःच तो सूर गुणगुणू लागले.

आणि नेमकी तेव्हाच सिग्नेनं खोली सोडायची नोटीस दिली. "हे गाणं कुणाला भिडतच नाही," ती कुंदाताईंना म्हणाली. "रविवारी कॅफेत शेवटचं गाऊन बघते. नाहीतर परत गावी, ओडेन्सला, बहिणीच्या बेकरीत."

रविवारी दुपारी कॅफे भरला होता. "अहो, मागे चर्चमध्ये ओरडलात तसं इथे नको," कुंदाताईंनी बजावलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत जयंतरावांनी हाताची घडी घातली.

सिग्नेनं सुरुवातच त्या गाण्यानं केली. लोकांनी चमचे खाली ठेवले, शिस्तीत ऐकलं. गाणं संपलं तेव्हा ते संपलंय हेच कुणाला कळलं नाही. मग टाळ्या आल्या, पावतीसारख्या. पुढच्या गाण्यासाठी कीबोर्डकडे गेलेला सिग्नेचा हात वाटेतच थांबला.

जयंतरावांना तो हात दिसला. ही माणसं वाईट नाहीत, त्यांना वाटलं. ती अजून डिसेंबरातच आहेत. ते उठून उभे राहिले.

"वन्स मोअर!"

कुंदाताईंनी त्यांचा स्वेटर ओढला. सगळ्या माना वळल्या.

"जयंत, झुगाबे, जादाचं गाणं, शेवटी मागतात," सिग्ने गोंधळून म्हणाली. "आत्ता तर पहिलंच झालं."

"झुगाबे नको. हेच गाणं पुन्हा."

"पण आत्ताच गायले ना!"

"म्हणून तर! आत्ता कुठे तोंडओळख झाली. आमच्याकडे नाटक थांबवून तेच पद पुन्हा गायला लावतात. नुकताच मेलेला राजासुद्धा उठतो, गातो आणि परत मरतो."

कॅफे हसला. सिग्नेही हसली, आणि इतका वेळ आवळलेले तिचे खांदे सैल झाले. ती पुन्हा गायली. या वेळी थांबे आले तेव्हा लोक त्यांची वाट बघत होते. कोपऱ्यातल्या एका उंच माणसानं डोळे मिटून घेतले. शेवटच्या ओळीला कुणीतरी खालच्या पट्टीत सूर धरला, मग आणखी कुणी. गाणं संपलं, आणि मागच्या टेबलावरच्या आजीबाईंनी जोरात फर्मावलं, "वन्स मोअर!"

तिसऱ्यांदा ते गाणं सिग्नेचं एकटीचं राहिलं नाही.

नंतर कीबोर्डची पिशवी खांद्याला लावून ती कुंदाताईंपाशी आली. "खोली दिलीत का कुणाला?"

"एक मुलगा बघून गेलाय. आवडली त्याला." कुंदाताईंनी तिला जरा ताटकळत ठेवलं. "पण मी हो म्हटलेलं नाही अजून. राहा तू. अट एकच, आता दुसरं गाणं लिही. हे मलासुद्धा पाठ झालंय."

"घाई कसली?" तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेत जयंतराव म्हणाले.