दसऱ्याला बिनकव्हराचं पुस्तक

नवरात्राच्या आधीची साफसफाई म्हणजे आमच्या शांती नगरच्या वन बीएचकेत लढाईच. यंदा घोडबंदरहून सासूबाई कायमच्या राहायला आलेल्या आणि माझं पुस्तकांचं कपाट त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं प्रोग्रामिंग शिकवणारी, माझ्या कॉलेजच्या काळातली पुस्तकं. त्या सुतळी घेऊनच बसल्या.

"उपेग न्हाय तं रद्दीत घाल. आमच्याकडं दसऱ्याला वापरातल्या वस्तूलाच हळदकुंकू लागतं."

त्यांचा भातशेतीच्या दिवसांतला कोयता आजही घरात नारळ फोडतो. दसऱ्याला पूजेचा मान त्यालाच.

डोकं फिरलंच माझं. ह्याच पुस्तकांवर नोकरीला लागले मी! पण एकेक उघडत गेले तसा पारा उतरला. बहुतेकांत नुसतं अमुक बटण दाबा, तमुक कमांड लिहा. ती बटणं गेली आणि ती मशीनंही गेली. त्यांच्या गठ्ठ्याला मीच गाठ मारली. एक मात्र हातातून सुटेना. सगळ्यात जुनं, कव्हर उडालेलं. त्यात आयतं काहीच नाही. आधी स्क्रीनवर एक ठिपका पेटवायचा, मग ठिपक्यांची रेघ, मग वर्तुळ.

"ठिपके तं मी पन काढते, रांगोळीत," सासूबाई हसल्या. "दसऱ्यापर्यंत ठेव. न्हाय चाललं तं जाईल."

दुसऱ्या माळेला सोसायटीचे सेक्रेटरी दारात. गरब्यामागे लावायला त्यांनी स्वस्तातला एलईडी बोर्ड आणला होता, पण त्यावरचं देवीचं चक्र अंड्यासारखं दिसत होतं आणि अडखळत फिरत होतं. "भाभी, कुछ करो ना, बाजूवाली सोसायटी हँस रही है!"

बोर्डातली चिप एवढीशी. आजकालचं रेडीमेड सॉफ्टवेअर तिच्यात मावेचना. मग काढलं बिनकव्हराचं पुस्तक. ते लिहिलं तेव्हा सगळेच कॉम्प्युटर असे गरीब होते! वर्तुळाचा फक्त आठवा हिस्सा काढायचा, तोही साध्या बेरीज-वजाबाकीनं. बाकीचे सात त्याचीच आरशातली रूपं. दुपारभर खपले, चहासुद्धा विसरले.

आरती संपली आणि चक्र पेटलं. गोल गरगरीत! लोण्यावरून सुरी फिरावी तसं फिरायला लागलं. टाळ्या, शिट्ट्या, "वाह भाभी!" मी तर चप्पल काढून सरळ गरब्यात घुसले. काय सांगू, पहिल्या पगारालाही एवढी हरखले नव्हते. सासूबाई खुर्चीत बसून चक्राकडे बघत राहिल्या.

दसऱ्याला सकाळी पाहते तर पाटावर कोयता आणि शेजारी माझं पुस्तक. त्याच्या उघड्या पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

"मग, राहिलं ना कपाटात?" मी तोऱ्यात विचारलं.

"राहिलं. आता कपाल इकडं कर," करंडा हातात धरून त्या म्हणाल्या. "त्या पुस्तकानं एकट्यानं न्हाय फिरवलं चाक."