विरोधी उमेदवार पाहिजे

मालाडच्या कुरारमधल्या त्या चाळीत नलिनी परबला नावाने कुणी हाक मारत नाही. ती अध्यक्षीण. पाणी, दिवे, गणपती, सगळं तिच्या हातात आणि रहिवासी मंडळाच्या खोलीची चावी तिच्या कमरेला. दरवर्षी सभा भरायची, कुणीतरी तिचं नाव घ्यायचं, टाळ्या पडायच्या, नारळ फुटायचा. बिनविरोध!

तिची भाची अक्षता वेगळंच काम करते. मतदान खुलं होतं का, पेपरवाल्यांना लिहिता येतं का, कोर्ट कुणाला घाबरतं का, हे बघून देशोदेशींच्या लोकशाहीला दरवर्षी मार्क द्यायचे. म्हणजे कोण चढलं, कोण घसरलं ते कळतं.

"मग आमच्या मंडळाला दे की मार्क," नलिनी ऐटीत म्हणाली. "भांडण नाय, तंटा नाय."

"मावशी, खुर्चीवरचं माणूस मतांनी कधी हरलंय तुमच्याकडे?"

"हरेल कशाला? समोर कुणी उभंच राहत नाही!"

"जगभरचे हुकूमशहा हेच सांगतात गं. तिथेच मार्क जातात."

"आणि शेजारची चाळ? निवडणुकीत खुर्च्या फेकतात मेले!"

"पण अध्यक्ष बदलतात ना? तुमच्यापेक्षा दोन मार्क जास्तच."

शेजारच्या चाळीला जास्त? नलिनीचं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी ती दारोदार निघाली, स्वतःच्या विरोधात माणूस शोधायला. पण आपल्याकडे समोर उभं राहणं म्हणजे वैर. भिकाजीनानांनी हातच जोडले. "गो बाय, तुझ्यासमोर उभो रवलंय तर माका चाळीत रवाक कोण देतलो?"

उरली मालन. नळावर रोज भांडणारी.

"उभी राहा गं माझ्याविरुद्ध."

"आणि हरले की जन्मभर टोमणे मारशील!"

"मारीन. मी हरले तर तू मार."

मालनचे डोळे चमकले. "गटाराचं काय केलंस इतके पावसाळे, ते भर सभेत विचारीन हां."

"विचार ना!" नलिनी म्हणाली खरी, पण हात कमरेच्या चावीवर गेला. ही खुर्ची म्हणजे जीव होता तिचा.

रविवारी कधी सभेला न फिरकणारेही आले. मालनने गटाराचा विषय काढला, नलिनीने आवाज चढवला, पोरासोरांनी शिट्ट्या मारल्या. डब्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या आणि मालन निवडून आली.

सगळ्यांना वाटलं, आता फुटणार ही! नलिनी खुर्चीकडे बघत राहिली. मग उठली, कमरेची चावी सोडली आणि मालनच्या हातावर ठेवली. पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला.

"हे कधी आणलेस?" मालन चाट पडली.

"सकाळीच. मी जिंकणार म्हणून. खा आता!"

अशी काही हशा-टाळ्यांची लाट उठली की शेजारची चाळ गॅलरीत आली. त्यांना दिसेल अशी उभी राहून नलिनीने अक्षताला फोन लावला. "लिहून घे गं. अध्यक्षीण हरली, चावी दिली, एकही खुर्ची उडाली नाही. आता त्यांचे मार्क सांग आणि आमचे सांग!"

फोन ठेवला, पदर खोचला, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी गरजली,

"ओ नव्या अध्यक्षीणबाई! पेढा झाला ना खाऊन? चला, गटार दाखवते."