मावराचा पाणवठा

तापमान उणे पन्नासच्या खाली गेलं की इंदिगिर्का नदीच्या वरच्या खोऱ्यात माणसं घराबाहेर फारसं बोलत नाहीत. तोंड उघडलं की दात ठणकतात. गाव्रिल मात्र बोलायचा. मावरा तळ्यावर दिसली की हमखास बोलायचा.

मावरा त्याच्या थोरल्या भावाची विधवा. साठी उलटलेली, बुटकी, जाड हाडाची. दोन्ही गालांवर जुन्या हिमदंशाचे तपकिरी डाग. मूलबाळ नाही. एक गाय होती, पांढऱ्या तोंडाची, मंगास नावाची, आणि ती गाभण होती. गाव्रिलकडे गोठाभर गुरं. दोघांचे गोठे एकाच तळ्याच्या काठावर, आणि दोघांचं वाकडं मावरा लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासूनचं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

त्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला होता. तळं बरंच आटलं. बर्फ धरल्यावर मावरा काठाजवळ, दरवर्षीच्याच जागी बर्फात खड्डा खणून गुरांसाठी पाणवठा पाडायला लागली, तेव्हा गाव्रिल म्हणाला, "वहिनी, तिथं पाणी गुडघाभरसुद्धा नाही. भर थंडीत तळापर्यंत गोठेल."

"तुला विचारलं कुणी?"

जागा बदलावी असं खरं तर तिच्याही मनात होतं. पण तो बोलला, म्हणून तिनं तिथंच पाडला.

जानेवारीत एका सकाळी तिनं पाणी गोठू नये म्हणून ठेवलेलं शेणाचं झाकण उचललं, पहार मारली, आणि टोकाला चिखल लागला. काळा, दगडासारखा. पाण्याचा थेंब नाही.

मग गाव्रिलच्या, जरा आत खोल पाण्यावर पाडलेल्या पाणवठ्याशिवाय इलाज उरला नाही. तहानलेल्या जनावराला पाणवठ्यावरून कुणी हाकलत नाही, आणि ही रीत मोडायची छाती गाव्रिललाही नव्हती. माणसाला काय बोलावं याची मात्र रीत नाही.

"या वहिनी, या. मागं उभ्या राहा. आमच्या गुरांचं उष्टं चालेल ना तुमच्या मंगासला?"

"तिला चालतं. मलाच तुझं तोंड बघवत नाही."

"मग डोळे मिटून येत जा. पडलात आत, तर वरून झाकण मी ठेवतो."

हे ती ऐकून घ्यायची. झाऱ्यानं पाण्यातले बर्फाचे खडे काढायची, मंगास पिऊन झाली की तिला घेऊन परत फिरायची. पण एक दिवस गाव्रिलनं थट्टेचा सूर सोडला.

"वैरण तुमची, पाणी माझं. वासरू अर्धं माझं झालं."

"काय म्हणालास?"

"ऐकू आलंय तुम्हाला. टोपी काही इतकी जाड नाही."

तेच त्यानं दुपारी दुकानात चार माणसांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. अशा ठिकाणी चौघांसमोर सांगितलेली गोष्ट चार महिन्यांत खरी होऊन बसते. मंगास म्हातारी होती; हे तिचं शेवटचं वेत. कालवड झाली तर मावराचा गोठा पुढं चालणार होता. अर्ध्या वासराला दूध नसतं. गाव्रिलचा अर्धा वाटा म्हणजे आख्खं वासरू त्याच्या गोठ्यात.

दुसऱ्या दिवशी मावरानं मंगासला तळ्यावर नेलंच नाही. स्वतःला पिण्यासाठी फाटकाशी रचून ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या चुलीवर वितळवून पाजल्या आणि पहार, फावडं घेऊन ती तळ्याच्या मध्यावर गेली. तिथं पाणी खोल होतं. काठावरून लांब होतं, म्हणूनच तिथं कुणी पाणवठा पाडत नसे.

घाई करून भागणार नव्हतं. घाम आला की कपडे आतून गोठतात. ती थोडे घाव घालायची, थांबायची, ढलप्या फावड्यानं बाहेर टाकायची, पुन्हा घाव. खड्डा आधी गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. गाव्रिल गुरं पाजून मुद्दाम तिथवर चालत आला.

"पाणी लागायच्या आधी वसंत लागेल हो."

"तू असाच उभा राहा. तोवर तुझी लादी होईल. चुलीवर ठेवीन."

"तिरपा पडतोय खड्डा."

"तुझ्या गुरांना बोलावलंय कुणी?"

 हात त्यानं कोटाच्या बाह्यांतून बाहेर काढले नाहीत. मग निघून गेला.

तिसऱ्या दिवशी बर्फाचा आवाज बदलला, भरीव होता तो पोकळ झाला. मावरा खड्ड्यातून वर आली, काठावर पालथी पडली आणि लांब पहारीनं शेवटचे घाव वरूनच घातले. पाणी एकदम उसळलं, खड्डा जवळजवळ काठोकाठ भरला. तोंड रुंद करताना डावा हातमोजा भिजला. घर लांब होतं. तिनं आधी गवत पसरलं, त्यावर शेणाचं झाकण ठेवलं, वर भुसभुशीत हिम लोटलं, आणि मगच घराची वाट धरली.

करंगळी पेरापर्यंत काळी पडली. दवाखान्यातल्या नर्सनं टोक कापलं.

"हात ओला झाल्या झाल्या पळत सुटायचं, मावशी! झाकण काय पळून जात होतं?"

"झाकण नाही. पाणी गोठलं असतं," मावरा म्हणाली. "पुन्हा कोण खणणार? तू?"

त्यानंतर रोज मंगास तळ्याच्या मध्यापर्यंत चालत जायची. कास गोठू नये म्हणून मावरानं नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट फाडून तिला झोळी शिवली होती. वाटेत गाव्रिलचा पाणवठा लागायचा. गाय तिकडं मान वळवायची, मावरा दोरी ओढायची.

मार्चमध्ये मंगास व्याली. दोन दिवसांनी गाव्रिल फाटकाशी आला. मावरानं त्याला आत ये म्हटलं नाही.

"काय झालं, वहिनी?"

"कालवड."

"चांगली आहे?"

"आहे."

तो काहीतरी म्हणणार होता. तिनं उजव्या हातानं पहार उचलली, खांद्यावर टाकली, आणि त्याच्या अंगावरून तळ्याकडं निघाली. पाणवठ्यावर रात्रीत धरलेला बर्फ फोडायचा राहिला होता.