देवधानाची बोडी

नणंदेकडे देवधान बांधायला जाते, असं सुनेला सांगून फुलचूरहून तिरोड्याची एस.टी. धरली. देवधान म्हणजे नांगर न लागता पाणथळीत आपसूक उगवणारा भात. लेकरांसाठी धरायच्या हलषष्ठीच्या उपासाला आम्हा बायांना दुसरा चालत नाही.

फाट्यावरून वैनगंगेकडे चालले. काठची अर्जुनाची झाडं उभी, पण बिनपानांची. पूर्वी पूर यायचा, मुळं धुऊन निघून जायचा. आता बंधाऱ्याचं पाणी बुंध्याशी साचूनच असतं. बेशरम (जांभळ्या फुलांचं तण) तेवढं माजलंय.

नणंद कौसल्या बोडीत (लहान तळ्यात) कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

"काऊन वं वैनी, इळा नाई आनला?"

मेली अजून विसरत नाही! नवी नवरी असताना मी मॅट्रिकच्या तोऱ्यात इथे विळा घेऊन उतरले होते. पिकलेलं देवधान हात लागताच झडतं, हे मॅट्रिकला नव्हतं. दाणा सगळा पाण्यात, आणि बाईसाहेब डोक्यावर पेंढा मिरवत घरी!

म्हणून लोंब्या कच्च्या असतानाच त्यांच्या जुड्या बांधायच्या, पिकल्या की टोपलीत झटकायच्या. गेल्या वर्षी एकही जुडी हाती लागली नाही. यंदा एका कोपऱ्यात थोडं उगवलं होतं. त्यातलं काही पिकून खाली झडलं, तरच पुढे बी.

बांधता बांधता काठाशी पाय घसरून मी चिखलात बसकण मारली. कौसल्या खिदळली. मग काठावर झिंग्यांची (बारीक कोळंबीची) भाजी नि भात खाल्ला.

हात धुतो तोच, लख्ख उन्हात, पाणी चढू लागलं.

"पाऊस तं नाई वं?"

"वरून सोडून रायले धरनाचं. हळू चढलं असतं तं देवधानबी वाढलं असतं पान्यासंगं."

आमच्या डोळ्यांदेखत जुड्या बुडाल्या.

मी तिच्याकडेच राहिले. दोन दिवसांनी पाणी उतरलं. सगळं काळं, लोळलेलं. काठाशी एकच लोंबी हिरवी होती. कौसल्यानं हात लावला तर ताट मुळासकट हातात आलं.

"सडलंच व्हतं. ने वैनी, सुनेले दाखव, कसं रायते थे."

मी लोंबी पदरात गुंडाळून घेतली.

परतीच्या बसमध्ये लोंबी मांडीवर होती. उपासाला आता काय शिजवायचं, सुनेला काय सांगायचं? पिकत आलाय का बघायला एक दाणा नखानं दाबला. बोटावर पांढरं दूध आलं.