लॅबमध्ये वाढलेली कातडी
काजूबिया भाजल्याचा वास आला की माझा हात हुळहुळतो. बायको गेली त्या वर्षी मी मोठ्या हौसेने बिया भाजायला बसलो, आणि टरफलाचं तेल उडून कोपरापर्यंत स्वतःच भाजून निघालो. डॉक्टरांनी मांडीवरची रुपयाएवढी कातडी काढून लॅबमध्ये वाढवायला पाठवली. भेटीच्या वेळी शेजारच्या खाटेभोवती पेजेचे डबे नि माणसंच माणसं. माझा मुलगा बोटीवर नोकरीला. नर्स म्हणाली, “काका, तुमचें कोणूच येवंक ना?” म्हटलं, “बाय, माझं माणूस लॅबमध्ये वाढतंय, येईल हो!” कातडी आली, हातावर बसवली. काही दिवसांनी पट्टी सोडून डॉक्टर म्हणाले, “काका, कलम धरलं!” आनंदाच्या भरात मी सवयीने घरचा फोन लावला. चोपडे गावातल्या माझ्या रिकाम्या घरात तो वाजत राहिला. आता हसू येतं, पण तेव्हा मी तो बराच वेळ वाजू दिला.